चार सेकंदांचा नियम

२ फेब्रुवारी

दादाच्या डोक्यात गाठ आहे. सकाळपासून हे वाक्य मनात इतक्या वेळा घोळलं की शेवटी लिहूनच टाकावं म्हटलं. वही रुग्णालयाची आहे, जुन्या साठ्यातली, पुढची दोन पानं कुणीतरी फाडून नेलेली.

गेल्या गुरुवारी दुकानात एका बाईंना चष्मा बसवून देताना त्याचा उजवा हात थरथरायला लागला आणि तो काउंटरमागे कोसळला. शेजारच्या शिंप्याने गाडीत घालून आणलं, तेही आमच्याच रुग्णालयात. काल स्कॅन झाला. डावीकडे, बोलण्याच्या जागेला चिकटून, लिंबाएवढी गाठ. ठेवली तर वर्षभर, फार तर दीड वर्ष, असं ऑपरेशन करणाऱ्या सरांनी मला व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितलं. मी इतर नातेवाइकांसारखंच मूर्खासारखं विचारलं, नक्की ना?

आमचं रुग्णालय सरकारी आणि एकाच कामाचं. मेंदू आणि मणका, तेही लहान छेदातून. कवटीला नाण्याएवढं भोक पाडायचं, त्यातून पेनाएवढी नळी घालायची आणि सगळं काम त्या नळीतून करायचं. रुग्ण बाहेर येतो तेव्हा कानाच्या वर एक पट्टी, बस्स. बाहेर बसलेले लोक ती पट्टी बघून विचारतात, ऑपरेशन झालं की नुसतंच खरचटलं? सोळा वर्षं मी या प्रश्नाला हसत आले आहे.

मी वाचा-उपचार करते. गाठ बोलण्याच्या जागेजवळ असली की रुग्णाला ऑपरेशनच्या मध्यावर जागं करतात. मेंदूला दुखत नाही. मी समोर स्टुलावर बसून पडद्यावर चित्रं दाखवते, तो 'हा कंगवा', 'ही खुर्ची' असं सांगत जातो आणि सर आत गाठ काढत जातात. चार सेकंदांत नाव आलं नाही तर मी 'थांबा' म्हणायचं. सर थांबतात, तिथून मागे येतात. माझं सगळं काम म्हणजे हा एक शब्द वेळेवर उच्चारणं.

आणि दादा जन्मापासून अडखळत बोलतो.

५ फेब्रुवारी

वहिनींना सांगितलं. त्या पोस्टात खिडकीवर बसतात. माणूस 'मला जरा' म्हणेपर्यंत त्यांनी पाकिटावर शिक्का मारलेला असतो. घरीही तोच खाक्या. दादा 'प... प...' करतो आणि वहिनी 'पाणी' म्हणून पेला पुढे करतात. कधी कधी त्याला पेपर हवा असतो. तो पाणी पितो.

दोघांचं लग्न होऊन वीस वर्षं झाली, वीस वर्षं मी हे बघते आहे. मी वरच्या खोलीत राहते, जेवण एकत्र. या एका गोष्टीवरून माझं आणि वहिनींचं कधी भांडण झालं नाही, पण मनातून मी त्यांना कधी माफही केलेलं नाही. आई-बाबा तसेच होते. बाबा तर टेबलावर हात आपटायचे. घरात एकटी मी होते जी दादाला त्याचं वाक्य त्याच्या वेळाने संपवू द्यायची. मी सहा वर्षांची आणि तो पंधराचा असताना दुकानदार त्याला हसला होता. मी टाचा उंच करून त्याला म्हटलं होतं, 'तो बोलतोय ना, ऐका की.' हा किस्सा दादा अजून सांगतो, पूर्ण सांगायला त्याला पाच मिनिटं लागतात आणि वहिनी तो चौदा सेकंदांत संपवतात.

मी या धंद्यात आले ती त्याच्यामुळे, हे काही कुणाला सांगायला नको.

वहिनी भाजी चिरत राहिल्या. मग विचारलं, 'बोलणं जाईल?' मी म्हटलं, मी आहे ना.

७ फेब्रुवारी

सरांकडे गेले. ऑपरेशन जागेपणीच करायचं हे ठरलंच होतं, प्रश्न होता चाचणी कोण घेणार. नात्यातल्या रुग्णाची चाचणी आपण घ्यायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो लिहिणाऱ्यांत मीही होते. सर चष्मा पुसत बसले. तो चष्माही दादाच्याच दुकानातला.

दुसरी कोण आहे? घाईबाई. माझी सहायक, येऊन दीड वर्ष झालं. मुलगी हुशार आहे, पण तिसऱ्याच सेकंदाला 'थांबा' म्हणते. मागच्या महिन्यात एका रुग्णाने खोकायला तोंड उघडलं तर ही ओरडली, 'थांबा!' सरांच्या हातातली नळी हलली असती. हे नाव तिला मीच दिलं आणि आता सगळं रुग्णालय तिला तसंच म्हणतं. तिने दादाची चाचणी घेतली तर तो प्रत्येक शब्दावर अडखळणार, ती प्रत्येक शब्दावर थांबवणार आणि अर्धी गाठ आतच राहणार. अर्धी गाठ म्हणजे दोन वर्षं. मी हे सरांना असं मुद्देसूद सांगितलं.

त्याचं नेहमीचं अडखळणं कोणतं आणि ऑपरेशनमुळे आलेलं कोणतं, हे या जगात फक्त मला कळतं, असंही मी म्हणाले. खरंच आहे ते. अडखळला की त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मांडीवर आपटायला लागतो, ठक ठक ठक, शब्द सुटेपर्यंत. हे वहिनींच्याही कधी लक्षात आलेलं नाही.

सर म्हणाले, लेखी द्या. दिलं.

९ फेब्रुवारी

दादाला सांगितलं, समोर मी असणार. वाटलं होतं, त्याला धीर येईल. तो दुकानातून आणलेल्या काचा मऊ फडक्याने पुसत बसला होता. बराच वेळ गेला. अंगठा आपटत होता.

'त्या... त्या मुलीला ब... बसू दे,' तो म्हणाला.

मी हसले. म्हटलं, तिचं नाव घाईबाई आहे, माहीत आहे ना? ती तुला कंगवासुद्धा म्हणू देणार नाही.

'तू थ... थ... थांबतेस, चिंगे.'

म्हटलं, म्हणूनच तर मी. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग पुन्हा काचा पुसायला लागला. इतक्या वर्षांत त्याने हे कधी तोंडाने कबूल केलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. जिना चढताना डोळे भरून आले होते.

१२ फेब्रुवारी

घरी सराव. जेवणाच्या टेबलावर दादा, समोर मी चित्रं घेऊन, आणि वहिनी स्वयंपाकघरातलं घड्याळ मांडीवर ठेवून मोठ्याने मोजतात. 'एक, दोन, तीन, चार, झालं!' 'झालं' असं म्हणतात की शेजारच्यांना वाटावं लॉटरीची सोडत निघाली. दादा इतका हसला की दोन फेऱ्या हसण्यातच गेल्या. आजारपण आल्यापासून पहिल्यांदाच या घरात आवाज झाला.

एकूण ऐंशी चित्रं. नियम असा की जे चित्र रुग्णाला ऑपरेशनच्या आधी तीनही वेळा चार सेकंदांत सांगता येत नाही, ते काढून टाकायचं. म्हणजे मग ऑपरेशनच्या वेळी संशयाला जागाच उरत नाही. दादाची काढता काढता एकोणचाळीस उरली. 'च', 'छ', 'प' आणि 'ट'ची सगळी गेली.

त्याला दुकानातलं वाक्य मात्र गुळगुळीत येतं. 'आधीचं बरं दिसतंय की आताचं?' दिवसातून शंभर वेळा म्हणतो ना. वहिनी म्हणाल्या, हेच विचारायचं ठेवा की चाचणीत.

१४ फेब्रुवारी

एकोणचाळीस चित्रं फार कमी पडतात. तासभर चाचणी चालली तर तीच तीच येत राहतील, आणि पाठ झालेल्या नावांवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून सोळा चित्रं परत घेतली. पतंग, चमचा, छत्री, टोपी वगैरे. छत्रीला तो पाच-सहा सेकंद घेतो, पण शेवटी म्हणतोच. कालच्या सरावात पाचही वेळा म्हणाला. अंगठा आपटतो, डोळे मिटतात, मग छत्री बाहेर येते. मला ते कळतं, मग अडचण कुठे आहे?

घाईबाईने यादी पाहिली. 'ताई, ही सोळा आधी वगळली होती ना?' मी म्हटलं, रुग्णाला ओळखणं हाही चाचणीचा भाग असतो, ते पुस्तकात मिळत नाही. तिने यादी फाइलला लावली. जरा लागट बोलले खरी.

१७ फेब्रुवारी

उद्या. दादाला आज दाखल केलं. नळी जाणार तेवढ्या जागचे केस काढले, बोटाच्या पेराएवढी जागा. तो आरशात बघून म्हणाला, न्हाव्याचा हात घ... घसरलाय वाटतं.

वहिनींनी त्याला विचारलं, भीती वाटते का. तो 'न... न...' करत होता तर याच म्हणाल्या, 'नाही ना? नकोच वाटायला.' मला वाटतं तो 'न विचारलेलं बरं' म्हणणार होता. किंवा काय ते आता कळणार नाही.

१८ फेब्रुवारी

झालं. सगळं झालं. सर म्हणतात, गाठ पूर्ण निघाली, कणभरही मागे नाही. हात धुताना ते गुणगुणत होते, असं मी फार क्वचित पाहिलं आहे.

लिहून ठेवते, म्हणजे मन शांत होईल. साडेदहाला त्याला जागं केलं. डोकं पकडीत घट्ट, वर पारदर्शक कापडाचा तंबू, आणि तंबूत आम्ही दोघं. त्याने डोळे उघडून माझा मास्क पाहिला आणि ओळखलं. नियमात बसत नाही, पण मी त्याचा डावा हात हातात घेतला होता. घाईबाई माझ्या मागे तक्ता आणि स्टॉपवॉच घेऊन उभी.

सुरुवात उत्तम. हा कंगवा, हे घड्याळ, ही खुर्ची. पतंगावर अडकला, अंगठा माझ्या तळहातावर ठकठक आपटला, पाचव्या सेकंदाला पतंग आला. टोपी, तसंच. पन्नास मिनिटं अशीच गेली. मध्येच मला म्हणाला, 'भूक लागली.' एकदाही न अडखळता. भूल देणाऱ्या बाईंना हसू आलं.

शेवटी शेवटी छत्रीवर जरा थांबला. 'ही' म्हणाला आणि पुढे नेहमीसारखं अडलं. सरांनी विचारलं, ठीक? मी म्हटलं, ठीक, वेळ घेतोय, चालू द्या. त्याचा चेहरा शांत होता, हात माझ्या हातात सैल, निवांत. मला वाटलं, आता त्याची भीती पार गेली. पुढचं चित्र लावलं. त्यावरही काही बोलला नाही, तेव्हा मी 'थांबा' म्हटलं. तोवर सर म्हणाले, तसंही संपलंच आहे.

तक्ता भरताना घाईबाईने विचारलं, छत्रीपुढे सेकंद किती लिहू. तिने पेन्सिलीने अकरा लिहिले होते. मी म्हटलं, ती त्याची जुनी अडखळ आहे, तिथे आडवी रेघ मार. तिने खोडून रेघ मारली.

दादा अजून बोललेला नाही. सूज असते.

१९ फेब्रुवारी

नाही. सूज.

२१ फेब्रुवारी

सांगितलेलं सगळं कळतं त्याला. डोळे मिट म्हटलं की मिटतो, माझं बोट धर म्हटलं की धरतो. तोंड उघडतो आणि आतून काही येत नाही. आवाजसुद्धा नाही. सर म्हणाले, तीन आठवडे द्या. मी शेकडो नातेवाइकांना हेच सांगितलं आहे, तीन आठवडे द्या. ते कसे गुमान मान हलवायचे!

२७ फेब्रुवारी

घरी आणला. लोक येतात, त्याच्या कानावरची पट्टी बघतात आणि म्हणतात, अरे वा, एवढंसंच? शिंपी म्हणाला, मला तर वाटलं होतं डोक्याला मुंडासं असेल. वहिनी सगळ्यांना चहा देतात. सगळे गेल्यावर त्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, 'एवढ्याशा पट्टीखालून सगळं बोलणं निघून गेलं.' मग कपबशा विसळायला गेल्या.

५ मार्च

आज त्याच्या तोंडून आवाज आला. मी 'एक' म्हटलं आणि त्याने 'दोन' म्हटलं, मग तीन, चार, थेट दहापर्यंत. मला माहीत होतं असं होऊ शकतं. आकडे, वार, पाठ झालेलं बोलणं मेंदूत दुसरीकडून येतं, त्याला बोलणं म्हणत नाहीत. पण वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, ओले हात तसेच, आणि शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. दादाने त्यांनाही दहापर्यंत म्हणून दाखवलं. पाच, सहा, सात, सगळे सुटे सुटे, एकाही ठिकाणी न अडता. जन्मात पहिल्यांदा माझा भाऊ एवढा वेळ न अडखळता बोलला, आणि तो काहीच सांगत नव्हता.

मी वर जाऊन नळ सोडून रडले.

११ मार्च

तीन आठवडे झाले. आज महिन्याची बैठक होती, जिच्यात बिघडलेल्या केसेसवर बोलतात. दादाची पाचवी होती. सरांनी तक्ता वाचून दाखवला. सगळी उत्तरं आलेली, छत्रीपुढे रेघ, रुग्णाची जुनी अडखळ, आणि शेवटच्या चित्राला 'थांबा'. चाचणी निर्दोष, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मेंदू आहे, कधी कधी कारण सापडत नाही, असं ठरलं. सगळ्यांनी मला हळू आवाजात धीर दिला. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

घाईबाई समोर बसली होती. पूर्ण वेळ आपल्या नखांकडे बघत होती. मला तिचा राग आला. असं वागते जणू माझ्यापेक्षा तिलाच जास्त दुःख आहे.

१३ मार्च

घाईबाई जेवणाच्या सुट्टीत आली. दार लावलं. म्हणाली, 'ताई, एकदा फीत बघता का? मी तीन वेळा पाहिली. माझंच काही चुकत असेल.'

ऑपरेशनची फीत आमच्याकडे ठेवलेली असते, दोन चौकटी, एकीत नळीतलं, एकीत रुग्णाचा चेहरा आणि हात. कुणी सहसा बघत नाही. मी बघितली, दिवसाढवळ्या, नोंदींच्या खोलीत, खुर्चीच्या कडेवर बसून.

पतंग. डोळे मिटलेले, जबडा थरथरतोय, अंगठा माझ्या तळहातावर आपटतोय. पाच सेकंद. पतंग.

छत्री. 'ही.' मग काही नाही. डोळे उघडे. जबडा स्थिर. अंगठा माझ्या हातात पडलेला, निपचित. एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या चौकटीत सरांच्या हत्याराचं टोक पुढे सरकतंय. सर म्हणतात, ठीक? माझा आवाज येतो, ठीक, वेळ घेतोय, चालू द्या. सहा. सात. माझ्या आवाजात किती माया आहे. नऊ. दहा. अकरा.

तो अडखळत नव्हता. त्याचा शब्द तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, चालला होता. जी एक खूण जगात फक्त मला माहीत होती ती माझ्या मुठीत होती, आणि मी त्याच्या ओठांकडे बघत थांबले होते.

घाईबाई रडत होती. म्हणाली, 'मी ओरडायला हवं होतं, पण तुम्ही म्हणाला होतात...' मी तिला पाणी दिलं. तिचा काहीही दोष नाही, हे मला तिला सांगायचं होतं. सांगितलं की नाही ते आठवत नाही.

१४ मार्च

वहिनी त्या स्टुलावर बसल्या असत्या तर दुसऱ्याच सेकंदाला बोलल्या असत्या.

१६ मार्च

सरांना सांगितलं. सोळा चित्रं, रेघ, अंगठा, सगळं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, परवानगी मी दिली, आणि 'चालू द्या' हे मीही ऐकलं. म्हणाले, तुम्ही थांबवलं असतं तर गाठ मागे राहिली असती, कदाचित दोन वर्षांत परत याच टेबलावर. आता आयुष्य तरी आहे. हे सगळं खरं आहे आणि यातल्या कशाचाही मला उपयोग नाही.

पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडेन असं म्हटलं. ते म्हणाले, घाई नको. मग बहुधा त्यांनाच कसंसं झालं, कारण ते उठून खिडकीशी गेले. रेघेच्या जागी मी अकरा लिहिले आणि खाली सही केली.

२३ मार्च

आज एका बसचालकाचं ऑपरेशन होतं. चाचणी घाईबाईने घेतली, मी बाहेर बाकावर, त्याच्या बायकोशेजारी. घाईबाईने नऊ वेळा थांबवलं. गाठ थोडी मागे राहिली. त्याला बाहेर आणलं तेव्हा तो बायकोला म्हणाला, 'डबा आणलास का?' बाई माझा हात घट्ट धरून रडायला लागल्या.

मी चांगलं झालं म्हणाले. चांगलंच झालं. पण मला तो माणूस इतका नकोसा वाटला की मी तिथून उठून गेले. असं कुणाबद्दल याआधी कधी वाटलं नव्हतं.

घरी वहिनी दादाचं सगळं करतात. तो तोंडही उघडत नाही, त्याआधीच त्यांना कळतं, उशी, खिडकी, चहात साखर कमी. चुकलं तर तो मान हलवतो, त्या दुसरं आणतात. त्यांचं कसं छान चाललं आहे. मी मात्र रोज चित्रं घेऊन बसते आणि तो माझ्याकडे बघत राहतो. काल त्याने कंगव्याचं चित्र हळूच उलटं करून ठेवलं.

३० मार्च

आज वहिनी पोस्टात गेल्यावर दादाला सांगितलं. तो खिडकीशी बसला होता, मांडीवर फडकं आणि एक जुनी काच. डावा हात मी हातात घेतला नाही, माझी हिंमत झाली नाही.

सगळं सांगितलं, क्रमाने. त्याला कळतं, सगळं कळतं. म्हटलं, दादा, तू मला त्या दिवशी म्हणालास, त्या मुलीला बसू दे. तू म्हणालास, तू थांबतेस. मला वाटलं, तू कौतुक करतोयस. तू कौतुक करत नव्हतास ना?

तो बघत राहिला. मग छत्रीचं सांगितलं. एक ते अकरा काय झालं ते सांगितलं. म्हटलं, तुझा अंगठा माझ्या हातात होता आणि मला समजलं नाही. माफ कर असं म्हणणार होते, ते म्हणता आलं नाही. कसल्या तोंडाने म्हणायचं?

मग त्याच्या मांडीवर आवाज झाला. ठक.

ऑपरेशननंतर एकदाही असा आपटलेला नव्हता तो अंगठा. ठक, ठक, ठक. डोळे मिटले. जबडा थरथरायला लागला. ओठ एकमेकांवर दाबले गेले, सुटले, परत दाबले गेले. तो मला काहीतरी सांगत होता. शब्द आत होता, त्याला ठाऊक होता, आणि तो त्याला ढकलत होता.

मी थांबले. मला दुसरं येतं काय? घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, तरी मनात मोजत होते. चार गेले. अकरा गेले. मग मोजणं सुटलं. अंगठा आपटत होता, कपाळावर घाम आला होता, डोळ्यांच्या कडांतून पाणी यायला लागलं होतं. 'म' होता की 'प', मला ओठांवरूनही सांगता येईना. त्याला 'माफ' म्हणायचं होतं की 'माझ्या समोरून जा', की 'पाणी'. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी त्याचं वाक्य पुरं करावं. काहीही म्हणावं, पण पुरं करावं.

किती वेळ गेला कळलं नाही. दाराशी चपलांचा आवाज झाला. वहिनी विसरलेला डबा घ्यायला परत आल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, मग खाली, मांडीवर आपटणाऱ्या त्या अंगठ्याकडे. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांना दिसला असावा.

मी त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत राहिले. वहिनींनी हातातली पिशवी खाली ठेवली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्याही थांबल्या.